खोजीने मंत्र कसे निवडावे

पुंडलिक भोयर वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्याने जे केलं ते ऐकून तुम्ही त्याला शिव्या घालाल. घाला खुशाल, त्यानेही स्वतःला कमी घातल्या नाहीत. भिवापूरच्या मिरचीच्या दलालाचा हा मुलगा, नागपुरात बी.एस्सी. झाला आणि शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकून म्हणून चिकटला. गोदामामागेच त्याची भाड्याची खोली. त्याला एकच व्यसन होतं, आणि ते तंबाखूचं असतं तर परवडलं असतं, असं त्याची आई कुसुमताई म्हणायची. व्यसन होतं एका खेळाचं.

त्याचा मामेभाऊ अमेरिकेत शिकायला गेला होता. पंच्याऐंशी साली तो सुटीत आला तेव्हा एक रंगीत खोका घेऊन आला, आणि जाताना सामान जड झालं म्हणून तो पुंडलिककडेच टाकून गेला. खोक्यात एक जाडसर इंग्रजी पुस्तक होतं आणि आपल्याकडे कुणी पाहिले नसतील असे फासे, एखादा चार बाजूंचा, एखादा आठ, एक तर चक्क वीस बाजूंचा. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने सूत्रधार व्हायचं आणि गोष्ट सांगत न्यायची. बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी पुजारी. समोर राक्षस आला तर काय करता ते ज्याने त्याने सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे फाशाने ठरवायचं. यात कोणी एकटा जिंकत नाही. सगळे मिळून पुढे जातात, नाहीतर सगळे मिळून मरतात.

दर रविवारी दुपारी पुंडलिकच्या खोलीत चौघं जमायची. पुंडलिक सूत्रधार. त्याची मामेबहीण चारुशीला, धंतोलीच्या एका दवाखान्यात नर्स होती, ती योद्धा व्हायची आणि आठवडाभराचा राग राक्षसांवर काढायची. गोदामातला त्याचा जोडीदार मारोती मांत्रिक. आणि नागसेन रामटेके, कॉलेजपासूनचा मित्र, आता वीज मंडळात नोकरीला. भिवापूरहून आलेल्या बावळट पुंडलिकला कॉलेजात गणित कोणी शिकवलं असेल तर ह्या नागसेनने. पुंडलिकची बी.एस्सी. म्हणजे अर्धी नागसेनची म्हणायची.

पुस्तक इंग्रजीत, म्हणून पुंडलिक एकेक नियम मराठीत लिहून काढी. तुम्हाला वाटेल, त्यात काय मोठं. लिहून पाहा मारोतीसारखा माणूस समोर असताना! मांत्रिकाला मंत्र पुष्कळ येतात, पण एका दिवसात त्यातले थोडेच वापरता येतात, आणि कोणते ते त्याने आधीच निवडून ठेवायचं. पुंडलिकने लिहिलं, ‘मांत्रिकाने झोपून उठल्यावर आपले मंत्र निवडावेत.’ झालं. मारोतीचा मांत्रिक प्रत्येक लढाईनंतर झाडाखाली आडवा व्हायचा, घटकाभर घोरायचा आणि उठून नवे मंत्र निवडायचा. नियमात कुठं रात्र लिहिली आहे, असं वर तोंड करून विचारायचा. तेव्हापासून पुंडलिक शब्द तोलूनमापून वापरू लागला. ‘झोपून उठल्यावर’ खोडून ‘सूर्योदयाला’ केलं, एक पळवाट बुजवली. असं करता करता त्याला नियम लिहिण्याची चटकच लागली, आणि आपण लिहू तसं हे जग चालतं, हा माजही थोडा चढला. माणूस आहे, चढणारच.

नागसेनचं मात्र कुठेच बसत नव्हतं. पुजाऱ्याला मंत्र देव देतो, तर देव आमच्या घरून छप्पन सालीच गेला, आता खेळात कायले बोलावू, असं तो म्हणाला. मांत्रिक व्हावं तर गुरूच्या पायाशी बसून पोथी मिळवायची. तेही त्याला नको. तलवार घेऊन नुसतं हाणत सुटायला चारुशीला होतीच. मग दोघांनी मिळून एक नवीनच पात्र रचलं. पुस्तकात नसलेलं, पार इथलं. त्याचं नाव ठेवलं खोजी. खोजीला ना गुरू, ना देव. तो जिथे जाईल तिथे डोळे-कान उघडे ठेवतो आणि शिकतो. पुंडलिकने सगळ्यांसमोर नियम लिहिला, ‘खोजी जो मंत्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहील आणि स्वतःच्या कानांनी ऐकेल, तो त्याचा झाला. रोज सूर्योदयाला त्याने आपल्या अशा मंत्रांतून हवे ते निवडावेत.’ नागसेनने तो कागद घरी नेला. एवढा खूश पुंडलिकने त्याला पहिल्या नंबरच्या निकालालाही पाहिला नव्हता.

महिने गेले. खोजी शिकत गेला. मारोतीचे मंत्र त्याने उचलले, जंगलातल्या चेटकिणीचे उचलले. पुंडलिकला गंमत वाटत होती, तोपर्यंत सगळं ठीक होतं.

मग आला धूम्रकेतू. पुंडलिकचा लाडका खलनायक. त्याच्यासाठी पुंडलिकने किल्ला रचला, भुयारं रचली, गोदामात बसून हिशेबाच्या पाठकोऱ्या कागदांवर नकाशे काढले. धूम्रकेतूचा एक महामंत्र होता, त्याने समोरचा दगड होई. बाकीच्यांनी गुडघे टेकावेत, शरण यावं, मग दोन-तीन रविवार कैदेत काढावेत, असा सगळा बेत होता. पहिल्याच रविवारी धूम्रकेतूने तो मंत्र दारावरच्या पहारेकऱ्यावर वापरून दाखवला, रुबाब म्हणून. खोजी खांबाआडून पाहत-ऐकत होता. दुसऱ्या रविवारी, गोष्टीतल्या सूर्योदयाला, नागसेनने शांतपणे तोच मंत्र निवडला आणि दरबारात शिरल्या शिरल्या धूम्रकेतूलाच दगड करून टाकलं. फासा असा पडला की बोलायची सोय नाही. चारुशीला टाळ्या पिटत उठली. मारोती म्हणाला, सूत्रधाराचा बंदोबस्त सूत्रधाराच्याच मंत्राने. पुंडलिकही हसला, पण त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, आणि भिवापूरच्या माणसाला त्या झोंबतात तशा कुणाला झोंबत नाहीत.

सोमवारी गोदामात ट्रक लागले होते, हमाल ओरडत होते, आणि हा बाबा टेबलाशी बसून खोजीचा नियम नव्याने लिहीत होता. खेळाचा तोल बिघडतो, असं त्याने स्वतःला समजावलं. ते खोटंही नव्हतं, तोल बिघडत होताच. पण खरं कारण वेगळं होतं आणि ते त्यालाही ठाऊक होतं. नवा नियम असा झाला, ‘खोजीने ऐकलेला मंत्र त्या मंत्राच्या धन्याची परवानगी असेल तरच वापरावा. परवानगीविना मंत्र उच्चारल्यास खोजीचे कान निकामी होतील.’ वाचून पाहिलं. पळवाट कुठेच नव्हती. मारोतीलाही सापडली नसती. आपल्या कामावर तो बेहद्द खूश झाला.

रविवारी त्याने कागद नागसेनच्या हातात दिला. नागसेनने वाचला. पुन्हा वाचला. मग पुंडलिककडे पाहिलं, जणू तो आणखी काही बोलेल म्हणून थांबला. पुंडलिक तोल, तोल करत राहिला. नागसेनने कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि चला म्हणाला, सुरू करा.

त्या दिवशी गोष्टीत नदी आडवी आली. चारुशीलाची योद्धा भोवऱ्यात सापडली, फासे एकामागून एक वाईट पडत गेले. तिला वाचवायला पाणी थांबवणारा मंत्र हवा होता. तो मंत्र मारोतीचा, पण मारोतीने त्या सकाळी तो निवडलाच नव्हता. खोजीने तो कधीचाच ऐकून ठेवला होता आणि त्या सकाळी निवडलाही होता. आता मात्र धन्याची परवानगी लागणार. नागसेनने मारोतीकडे वळून विचारलं, मंत्र वापरू का. आणि मारोती, बडबड्या मारोती, ज्याला उचलली जीभ लावली टाळ्याला एवढंच माहीत, त्याने मांडी ठोकली, छाती पुढे काढली आणि मांत्रिकाच्या आवाजात म्हणाला, “असा कसा देऊ? पहिले पाय धर माहे.”

मारोती हसला. पुंडलिक हसला. अगदी मनापासून, पोट धरून हसला. गेल्या रविवारची झोंबणारी मिरची त्या हसण्यात कुठल्या कुठे विरून गेली. चारुशीला तेवढी हसली नाही.

नागसेनने फासे उचलले. परवानगी नको, म्हणाला, खोजी मंत्र म्हणतो. त्याने फासे टाकले. पाणी थांबलं, चारुशीला काठाला लागली. मग पुंडलिकने नियमाप्रमाणे जाहीर केलं, की खोजीचे कान गेले. नागसेनने मान डोलावली. त्यानंतर कोणी त्याला काही विचारलं तरी तो बोलेना. चहा घेतो का म्हटलं, उत्तर नाही. मारोतीला वाटलं, गडी काय झकास बहिऱ्याचं सोंग वठवतो आहे. खेळ संपल्यावर नागसेनने चपला घातल्या, सायकल काढली आणि कुणालाही न सांगता अमरावती रोडच्या ट्रकांमधून निघून गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मारोती म्हणाला, ड्यूटी असेल. पुंडलिकही तेच म्हणाला, जरा जास्तच वेळा म्हणाला. खाई त्याला खवखवे.

शेवटी चारुशीलाने त्या नियमाची पुंडलिककडची नक्कल मागून घेऊन वाचली. वाचून तिने कागद उलटा ठेवला, आणि विचारलं, “दादा, तुले शिक्षाच लिवाची होती त हात लिवता आला असता, डोळा लिवता आला असता. कानच काहून?”

पुंडलिक आठवून पाहू लागला. ते मुद्दाम सुचलं असं काही आठवत नव्हतं, हातून आपोआप उतरलं होतं. आणि मग आठवलं. भिवापूरला पोथी सांगायला एक बुवा यायचे. न ऐकायचं ते ज्यांनी चोरून ऐकलं, त्यांच्या कानांत पूर्वी तापलेलं शिसं कसं ओतत असत, हे ते रंगवून रंगवून सांगायचे. बायाबापड्या च्-च् करायच्या, पण मान हलवायच्या. हा तिथे मांडीला मांडी लावून बसलेला असायचा. गोष्ट म्हणून ऐकली होती आणि विसरूनही गेला होता. आणि बघा, नेमकी नागसेनसाठीच ती हातातून बाहेर पडली. ज्याने त्याला विचारल्यावाचून, कधी उपकार म्हणून न मोजता गणित शिकवलं, त्याला त्याने ऐकल्याची शिक्षा लिहून दिली होती. चारुशीला बोलत होती ते त्याला पुढे ऐकूच येईना.

खेळ जाऊ दे चुलीत. नागसेन गेला तर काय राहिलं, ह्या एका विचाराने तो मंगळवारी संध्याकाळी नागपुरातल्या इंदोरा वस्तीत नागसेनच्या घरी पोहोचला. नागसेन अजून कामावरून आला नव्हता. ओसरीवर त्याचे वडील, लहानूजी, बसले होते. गिरणीतून निवृत्त झालेला, खणखणीत आवाजाचा माणूस. बस बाप्पा, बस, म्हणून त्यांनी खुर्ची सरकवली. आत रंभाबाईंना चहाचं सांगितलं. मग गुडघे चोळत, हसत हसत म्हणाले, नागसेन तुमच्या खेळाचं लय सांगत राहतो. त्याच्यासाठी म्हणे तुम्ही नवाच नियम लिवला. कसा आहे तो, सांग बरं.

पुंडलिकच्या लक्षात आलं. त्यांना पहिलाच नियम ठाऊक होता. त्या कागदावर खूश होऊन मुलाने घरी जे सांगितलं, तेवढंच त्यांच्यापर्यंत आलं होतं. पुढचं त्याने बापाला कळू दिलं नव्हतं.

आता खरं सांगावं, तर ह्या म्हाताऱ्याच्या तोंडावर सांगायचं कसं? पुंडलिकने मान खाली घातली आणि पहिला नियम म्हणून दाखवला. खोजी जो मंत्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहील आणि स्वतःच्या कानांनी ऐकेल, तो त्याचा झाला.

लहानूजींनी मांडीवर थाप मारली. चहा घेऊन आलेल्या रंभाबाईंना त्यांनी थांबवलं, ऐकलं का वं, म्हणाले, पाहील अन् ऐकील ते त्याचं! लिहिणाऱ्याचं डोकं साजरं आहे, म्हणाले. आम्ही शाळेच्या पायरीवर बसून ऐकत होतो. असं कोणी तवा लिवून ठेवलं असतं तर! त्यांचे डोळे ओले झाले होते. पुंडलिकच्या हातात कप होता आणि तो त्याला तोंडाला लावता येत नव्हता. ह्यापेक्षा त्यांनी चार थपडा मारल्या असत्या तर त्याने आनंदाने खाल्ल्या असत्या.

तेवढ्यात दाराशी सायकल थांबली. नागसेनने सगळं ऐकलं होतं. तो आत आला नाही, तिथूनच सायकल धरून म्हणाला, “पुढचं सांग ना गा. त्याच्यापुढं अजून लिवलं आहे तू.”

पुंडलिकने त्याच्याकडे पाहिलं. नागसेनचा चेहरा रागाचा नव्हता. तो नुसता थांबला होता, त्या रविवारी कागद वाचून थांबला होता तसाच. मग पुंडलिकने पुढचं सांगितलं. धन्याची परवानगी सांगितली. कानांचंही सांगितलं. सांगताना लाजेने त्याचे स्वतःचे कान तापले.

रंभाबाई आत निघून गेल्या.

“हे आमी ऐकलं आहे बाप्पा,” लहानूजी म्हणाले. “माह्या बापानं ऐकलं, त्याच्या बापानं ऐकलं. तू काही नवं नाही लिवलं.” आणि थोड्या वेळाने, जवळजवळ समजावणीच्या सुरात म्हणाले, “अन् त्या पोथीनं तुह्यासारख्या कुणब्याले तरी कुठं सोडलं होतं?”

पुंडलिकला रडू आलं. लहानूजींनी त्याला रडू दिलं. मग चहा थंडा होऊन राहिला, घे, एवढंच म्हणाले.

नागसेन त्याला रस्त्यापर्यंत सोडायला आला. पुंडलिकने सगळं भडाभडा सांगून टाकलं. धूम्रकेतू हरला म्हणून जळलो, म्हणाला. तो नियम मी फाडून टाकला, म्हणाला. बुवांचंही सांगितलं. माफ कर, हे तर किती वेळा म्हणाला त्याचं त्यालाच कळलं नाही. नागसेनने ऐकून घेतलं.

“नियमाचं जाऊ दे गा,” तो म्हणाला. “नियम लिवण्यात माणूस चुकते. मारोती बोलला तवा तू हसला.”

मारोतीला काही माहीत नव्हतं, त्याची जीभच तशी. पुंडलिकला निदान माहीत असायला हवं होतं. इतकी वर्षं ज्याच्या ताटाला ताट लावून जेवला, त्याच्याविषयी तेवढं तरी माहीत असायला हवं होतं. त्याने कसंबसं विचारलं, रविवारी येशीन का. येतो ना, नागसेन म्हणाला, चौघंच तर आपण.

आणि तो आला. खरंच आला, वेळेवर. पुंडलिकने खोजीचा जुना नियम स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून ठेवला होता, शिक्षा नाही, परवानगी नाही, शब्दाला शब्द. सगळ्यांसमोर तो वाचूनही दाखवला. मारोतीला चारुशीलाने आधीच झापलं होतं, तो बिचारा सूत्रधाराआधी माफी मागून मोकळा झाला होता. नागसेनने कागद हातात घेतला, अक्षर छान आहे म्हणाला आणि परत दिला. खोजी राहू दे, म्हणाला, तो बहिरा झाला, त्याले आराम करू दे. यंदा मी तलवारवाला होतो, चारुशीलाच्या जोडीला.

पुंडलिकने आग्रह केला नाही. कोणत्या तोंडाने करणार?

खेळ पुढे पुष्कळ दिवस चालला. नागसेन पूर्वीसारखा हसायचा, मारोतीची टर उडवायचा, फासे चांगले पडले की मांडी थोपटायचा. फक्त मारोती आपला मंत्र म्हणू लागला, की तो उठून पाणी प्यायला बाहेर माठाकडे जायचा. त्याला खरंच तहान लागायची की काय, देव जाणे. विचारायची हिंमत पुंडलिकला कधी झाली नाही. तो नुसता फासे मुठीत धरून बसायचा आणि नागसेन परत येऊन टेकेपर्यंत खेळ पुढे नेत नसे.